ऑनलाइन फॅमिली थेरपी: कोणासाठी, कशी आणि कधी नको?

रिलेशनशिप हीलिंगची एक रील पूर्ण पाहिली, की पुढचे चार दिवस फीडमध्ये तशाच जाहिराती येत राहतात. घरबसल्या सेशन, लगेच अपॉइंटमेंट, नातं वाचवा. घरात खरंच काही बिनसलेलं असेल तर बोट त्या बटणावर जातंच. पण बुकिंग करण्याआधी ही थेरपी नेमकी कशी चालते, कोणाकडून घ्यावी आणि कोणत्या परिस्थितीत ती घेऊच नये, हे माहीत असायला हवं.

यात नेमकं होतं काय?

एकट्याच्या थेरपीत एका माणसाच्या मनावर काम होतं. कपल किंवा फॅमिली थेरपीत 'पेशंट' असतं ते नातं. भांडण दरवेळी कशावरून पेटतं, कोण आवाज चढवतं, कोण गप्प बसतं, कोण मध्ये पडतं, हे चक्र थेरपिस्ट सगळ्यांसमोर मांडतो आणि ते कुठे तोडता येईल ते शोधायला मदत करतो. चूक कोणाची, हे तो ठरवत नाही. पहिल्या सेशनला मात्र बरेच जण निकाल ऐकायच्या तयारीनेच बसतात, कारण आपल्याकडे काका-मामांनी बसवलेल्या बैठकीत तसंच होतं.

ऑनलाइनचा सगळ्यात मोठा फायदा विखुरलेल्या घरांना होतो. समजा, आई-वडील नाशिकला, मुलगी पुण्यात, मुलगा दुबईत आणि वाद आहे वडिलांच्या आजारपणात कोणी काय करायचं याचा. ही चार माणसं एका क्लिनिकमध्ये वर्षातून एकदाही जमणार नाहीत. व्हिडिओ कॉलवर दर पंधरा दिवसांनी जमू शकतात.

याचा उपयोग होतो का?

अमेरिकेत ब्रायन डॉस आणि अँड्र्यू क्रिस्टेनसन या मानसशास्त्रज्ञांनी 'अवररिलेशनशिप' नावाचा जोडप्यांसाठीचा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३०० जोडप्यांवर त्याची चाचणी झाली. प्रतीक्षायादीत ठेवलेल्या जोडप्यांपेक्षा कार्यक्रम केलेल्या जोडप्यांच्या नात्यातलं समाधान जास्त सुधारलं. त्यात दोघं आधी आपापला भाग वेगवेगळा करतात आणि मग ठरवून दिलेल्या पद्धतीने एकत्र बोलतात. हे निष्कर्ष अमेरिकन जोडप्यांचे आहेत. सासू-सासरे, दीर-जाऊ असलेल्या घराला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी स्क्रीनवरून नात्यावर काम होऊ शकतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

खरी अडचण: बोलायचं कुठे?

क्लिनिकचं दार बंद होतं. वन बीएचकेचं दार बंद झालं तरी पलीकडे कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी करतंच. सुनेला सासूबद्दल बोलायचंय आणि सासू स्वयंपाकघरात आहे, अशा वेळी ती जे बोलेल ते निम्मंच असेल. म्हणून अनेक जण पार्किंगमध्ये गाडीत बसून, गच्चीवर जाऊन किंवा घरचे बाहेर असतानाची वेळ धरून सेशन घेतात. यात लाजण्यासारखं काही नाही. सेशनच्या सुरुवातीलाच 'आत्ता कोणी ऐकू शकतंय' हे थेरपिस्टला सांगा. त्यासाठी एखादा खुणेचा शब्दही ठरवून ठेवता येतो.

दोघं एकाच घरात असलात तरी वेगवेगळ्या फोनवरून जोडलं जायचं की एकत्र बसायचं, हे आधी विचारा. एका कॅमेऱ्यासमोर बसल्यावर जो जवळ असतो तोच जास्त बोलतो. दुसरा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जोडीदाराने रात्री अकराला थेरपिस्टला एकट्याने व्हॉट्सअ‍ॅप केला, तर ते गुपित राहणार की पुढच्या सेशनमध्ये येणार? चांगला थेरपिस्ट याचा नियम पहिल्याच दिवशी सांगतो. नसेल सांगितला तर तुम्ही विचारा. आणि चोरून रेकॉर्डिंग करून ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे थेरपी तिथेच संपली.

अ‍ॅपवर भरलेल्या माहितीचाही विचार करा. 'बेटरहेल्प' या मोठ्या अमेरिकन कंपनीने ग्राहकांची मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. २०२३ मध्ये ते प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं.

कधी नको?

घरात मारहाण, धमक्या, फोनवर पाळत किंवा पैशांची कोंडी असेल तर जोडप्याने एकत्र ऑनलाइन सेशन घेऊ नये. त्या व्यक्तीसमोर खरं बोलणं धोक्याचं असतं. कॅमेऱ्याबाहेर कोण उभं आहे हे थेरपिस्टला दिसत नाही आणि कॉल संपल्यावर त्याच घरात राहायचं असतं. अशा वेळी 'दोघांनी थोडं समजून घ्या' हा सल्ला घातक ठरतो. आधी सुरक्षितता: तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही तक्रार करता येते.

कोणाकडे जायचं?

'रिलेशनशिप कोच' अशी पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागा, खरा व्यावसायिक रागावत नाही. सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देतात. सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशकाने औषध सुचवलं तर तिथून उठा. शिवाय जोडप्यांसोबत किंवा कुटुंबासोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हेही विचारा. तीन जण एकाच वेळी बोलत असताना सेशन सांभाळणं ही वेगळी विद्या आहे. आणि भाषा! भांडण मराठीत होत असेल तर ते इंग्रजीत समजावून सांगताना अर्धा राग भाषांतरातच गळून पडतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे थेरपिस्टचा परवाना राज्यानुसार असतो आणि सेशनच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात बसला आहात तिथला परवाना सहसा लागतो. त्यामुळे पुण्यातला थेरपिस्ट 'नाही' म्हणाला तर तो टाळतोय असं समजू नका.

फी परवडत नसेल किंवा आधी नुसतं बोलून पाहायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. ही पूर्ण फॅमिली थेरपी नव्हे, पण पुढे कोणाकडे जायचं हे तिथे विचारता येतं.

जोडीदार तयारच नसेल तर? ओढून बसवलेला माणूस कॅमेरा बंद करून बसतो. तेव्हा एकट्याने सुरुवात करा. चक्रात आपण काय करतो, एवढ्यावरही काम होतं आणि दुसरा कधीकधी चौथ्या-पाचव्या सेशनला स्वतःहून विचारतो, 'तुम्ही नक्की बोलता तरी काय?'