नोंदवहीतील कैदी

तुरुंगाच्या नोंदवहीत ज्याची हजेरी लागली आहे, त्याने त्याच दुपारी भर बाजारात खून केला, असे कोण म्हणेल? ‘ऑन द जॉब’ या फिलिपिनी चित्रपटाचे रहस्य या प्रश्नात आहे. मनिलाच्या तुरुंगातून दोन कैद्यांना काही काळ गुपचूप बाहेर सोडले जाते. ते ठरलेल्या माणसाला ठार करतात आणि कोठडीत परततात. थोरला तातांग धाकट्या डॅनियलला हे काम एखाद्या धंद्यासारखे शिकवतो. तपास करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला सुपारी देणाऱ्यांचा माग थेट राजकारणात, आपल्या खासदार सासऱ्याच्या वर्तुळात लागतो. दिग्दर्शक एरिक माट्टी यांना ही कल्पना कैद भोगून आलेल्या एका वाहनचालकाच्या सांगण्यावरून सुचली.

चित्रपट फिलिपिन्समध्ये प्रदर्शित झाला तो २८ ऑगस्ट २०१३ रोजी. त्याआधी दोनच दिवस, राष्ट्रीय वीरदिनी, मनिलाच्या लुनेता उद्यानात प्रचंड जनसमुदाय जमला होता. जुलैमध्ये वृत्तपत्रांनी उघड केले होते की लोकप्रतिनिधींच्या विकासनिधीतील सुमारे १० अब्ज पेसो बनावट सेवासंस्थांच्या नावे वळवले गेले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निधीच घटनाबाह्य ठरवला.

हा योगायोग आम्हांला बोलका वाटतो. पडद्यावर कैदी कागदोपत्री कोठडीत होता. प्रत्यक्षात पैसा कागदोपत्री गोरगरिबांच्या कामी लागला होता. दोन्हीकडे दप्तर चोख होते, आणि त्या चोखपणातच गुन्हा दडला होता. ज्यांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या संस्थानांची दप्तरे सांभाळली गेली, त्या आपल्या वाचकांना यातील गांभीर्य वेगळे सांगावयास नको. नोंद खोटी झाली, की निरपराध्याला दाद मागण्यास जागाच उरत नाही.

माट्टी यांनी २०२१ मध्ये ‘द मिसिंग एट’ हा याचा पुढचा भाग काढला. त्यात सत्ताधाऱ्याची तळी उचलणारा एक पत्रकार आपले सहकारी बेपत्ता झाल्यावर जागा होतो. या भूमिकेसाठी जॉन आर्सिया यांना व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार लाभला. पहिल्या भागात नोंदवही खोटी होती. दुसऱ्यात, खरी नोंद ठेवणे ज्याचे काम, तोच इतके दिवस गप्प होता. आम्हांला दुसरी गोष्ट अधिक भयावह वाटते.