वेबची गोधडी आणि बेंगळुरूचा प्रयोग

संगणकाच्या इतिहासावरच्या आपल्या गप्पांत आज ‘मॅशअप’ची गोष्ट. नाव परकं, पण कल्पना आपल्या घरातलीच. जुन्या लुगड्याचे, धोतराचे तुकडे जोडून गोधडी शिवतात ना, तसं दोन-तीन वेबसाइटवरची माहिती घ्यायची आणि त्यातून तिसरीच कामाची वस्तू बनवायची.

सुरुवात २००५ ची. फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं. त्याच सुमारास पॉल रेडमाकर हा प्रोग्रामर घर शोधत होता. क्रेग्जलिस्टवर घरांच्या जाहिराती भरपूर, पण कुठलं घर कुठे आहे हे नकाशावर एकत्र दिसत नव्हतं. त्यानं दोन्ही साइट जोडून ‘हाउसिंगमॅप्स’ तयार केलं. गूगलनं त्याला अडवलं नाही. उलट जूनमध्ये इतरांनाही नकाशे वापरता यावेत म्हणून अधिकृत वाट, म्हणजे एपीआय, खुली केली.

पण रेडमाकरला प्रोग्रामिंग येत होतं. ज्याला येत नाही त्यानं काय करायचं? फेब्रुवारी २००७ मध्ये आलेलं ‘याहू पाइप्स’ हे त्याचं एक उत्तर. पडद्यावर चौकोन मांडायचे, माउसनं नळ्या जोडायच्या. एका टोकानं बातम्या आत, दुसऱ्या टोकानं हव्या तेवढ्याच बाहेर. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं ‘पॉपफ्लाय’ आणि गूगलचं ‘मॅशअप एडिटर’ आलं.

आता आपल्याकडे या. ही सगळी साधनं संगणक, इंटरनेट आणि बऱ्यापैकी इंग्रजी असलेल्यांसाठी होती. भारतात २०१० च्या अखेरीस मोबाइल जोडण्या ७५ कोटींच्या घरात होत्या आणि ब्रॉडबँड जोडण्या जेमतेम १ कोटी १० लाख. म्हणजे फोन पुष्कळांकडे, पण वेब मूठभरांच्या हातात. ही दरी बेंगळुरूतल्या संशोधकांना समोरच दिसत होती.

एचपी कंपनीची संशोधन प्रयोगशाळा बेंगळुरूत २००२ पासून होती. तिथे ‘टास्कलेट’ ही कल्पना आकाराला आली आणि तिच्यावर ‘साइटऑनमोबाइल’ उभं राहिलं. या कामात गीता मंजुनाथ आघाडीवर होत्या. कल्पना साधी होती. समजा, रेल्वे तिकिटाची स्थिती बघायची आहे. संगणक येणाऱ्या कुणीतरी ते काम ब्राउझरमध्ये एकदा करून दाखवायचं. कुठे नंबर भरायचा, कुठलं बटण दाबायचं, उत्तर पानावर कुठे येतं, हे सगळं ते साधन टिपून ठेवतं. पुढे साध्या फोनवरून एसएमएस केला की सर्व्हर त्याच पायऱ्या चढतो आणि फक्त उत्तर परत पाठवतो. प्रोग्राम लिहायचा नाही, करून दाखवायचं. आपल्याकडे स्वयंपाक असाच शिकवतात.

त्याच शहरात सर्व्हलॉट्स आणि जनस्तु या संस्थांमधल्या मंडळींनी ‘अलिपी’ हा दुसरा प्रयोग केला. त्यांचा प्रश्न वेगळा होता: पान उघडलं, पण वाचताच येत नसेल तर? अलिपीत एखाद्या पानातला मजकूर कुणीही दुसऱ्या भाषेत, आवाजात किंवा चित्रात पुन्हा सांगू शकत असे. मूळ पानाला धक्का लागत नसे. नवं कथन वेगळं साठवलेलं असे आणि वाचणाऱ्यासमोर ते मूळ पानावर बसवून येई.

मग हे सगळं गेलं कुठे? पॉपफ्लाय आणि मॅशअप एडिटर २००९ मध्येच बंद झाले, पाइप्स सप्टेंबर २०१५ मध्ये. एक कारण तांत्रिक होतं. साइटवाल्यानं बटणाची जागा बदलली की टिपून ठेवलेल्या पायऱ्या चुकतात; वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावली की सर्व्हर तिथेच अडतो. पण मोठं कारण मालकीचं होतं. सुई आपली असली तरी कापड दुसऱ्याचं होतं. स्मार्टफोन आले, प्रत्येक कंपनीनं आपलं स्वतंत्र ॲप काढलं आणि तुकडे देणं आखडत गेलं.

यात नुकसान कुणाचं झालं? प्रोग्रामर आपली सोय कशीही करून घेतो. पण बाजारभाव आणि एसटीची वेळ एकाच ठिकाणी हवी असलेल्या शेतकऱ्याला, कुणीतरी आपल्यासाठी ते जमवेल याची वाट बघावी लागते. म्हणून सार्वजनिक माहिती जोडता येईल अशा रूपात खुली असणं महत्त्वाचं. केंद्र सरकारचं खुल्या माहितीचं संकेतस्थळ २०१२ मध्ये सुरू झालं, ते याच दिशेचं पाऊल होतं.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस आपल्या वतीनं साइट उघडतात, फॉर्म भरतात, तेव्हा ते नवलाचं वाटतं. पण त्यांनाही तोच जुना प्रश्न विचारायला हवा: कापड कुणाचं, आणि ते वापरायची परवानगी कोण देणार? ते ठरल्याशिवाय ही नवी गोधडीही किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. पुढच्या भागात भेटूच.