प्राथमिक वर्गातील वॉशिंग्टन : कागदी कुऱ्हाड आणि हर्क्युलीसची मुलगी

अमेरिकेतील प्राथमिक शाळांत आरंभीच्या राष्ट्राध्यक्षांचा परिचय प्रामुख्याने फेब्रुवारी महिन्यात करून दिला जातो. २२ फेब्रुवारी ही जॉर्ज वॉशिंग्टन यांची जन्मतिथी. तिची सार्वजनिक सुट्टी १९७१ पासून महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असते. लहान मुले नाण्यांवरील चेहरे ओळखतात, तीन कोनांच्या टोप्या घालतात, कागदाची कुऱ्हाड कापून लाल चेरी चिकटवतात. हस्तकौशल्य आणि इतिहास यांची सांगड घालणारे हे उपक्रम बालशिक्षणाच्या दृष्टीने निश्चितच उपयुक्त आहेत. प्रश्न त्यांतील आशयाचा आहे.

चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवून वडिलांपुढे खरे बोलणाऱ्या बाल वॉशिंग्टनची कथा मेसन वीम्स या धर्मोपदेशक व ग्रंथविक्रेत्याने लिहिलेल्या चरित्राच्या १८०६ च्या आवृत्तीत आली. तिला विश्वसनीय आधार नाही. पुढे मॅकगफी यांच्या क्रमिक पुस्तकांतून ती घरोघरी पोहोचली. सत्यनिष्ठेचा पाठ रचलेल्या कथेतून द्यावा, हा विरोधाभास कोणाही इतिहास शिक्षकाला अस्वस्थ करणारा आहे.

त्याहून गंभीर बाब वगळलेल्या माणसांची. १७९९ मध्ये माउंट व्हर्नन येथे ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ खुद्द वॉशिंग्टन यांच्या मालकीचे. 'मुले लहान आहेत' हे या मौनाचे नेहमीचे समर्थन असते. मात्र केवळ उल्लेखाने प्रश्न सुटत नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेने वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसाच्या केकवरील चित्रमय बालपुस्तक मागे घेतले. त्यात गुलाम स्वयंपाकी हर्क्युलीस आनंदी दाखवला होता. प्रत्यक्षात फिलाडेल्फियातील अध्यक्षीय स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या या निष्णात आचाऱ्याला माउंट व्हर्ननला परत पाठवून दगड फोडण्याच्या कामाला लावले गेले, आणि २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे नेमक्या मालकाच्या वाढदिवशी, तो पळून गेला.

'राष्ट्राध्यक्षांचे जेवण कोण करीत असे?' हा प्रश्न पहिलीतील मुलालाही सहज कळतो, आणि त्याचे उत्तर देणारे साधन उपलब्ध आहे. पुढे फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलिप १७९७ च्या वसंतात माउंट व्हर्ननला आला होता. त्याच्या रोजनिशीत हर्क्युलीसच्या मागे राहिलेल्या मुलीची नोंद आहे. वडील पुन्हा दिसणार नाहीत याचे तुला दुःख होत असेल, असे त्याच्या नोकराने म्हणताच, आपल्याला फार आनंद झाला आहे, कारण ते आता स्वतंत्र आहेत, असे तिने सांगितले. रोजनिशीत तिचे वय सहा वर्षे दिले आहे.