इटली जोडणारा काव्हूर

आज आम्ही तुम्हाला इटलीची गोष्ट सांगणार आहोत. मॅझिनी आपल्याकडे माहीत आहे. सावरकरांनी त्याचं लेखन मराठीत आणलं, ते पुस्तक १९०७ साली निघालं. गॅरिबाल्डीची तलवारही ऐकून माहीत असते. काव्हूर मात्र मागे राहतो.

त्या काळी इटली एक देश नव्हता. मिलान आणि व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात, रोमला पोपचं राज्य, दक्षिणेला नेपल्सचा राजा. वायव्येला पीडमाँट हे लहान राज्य, राजधानी तुरीन. तिथे १८१० साली काव्हूर जन्मला.

लष्कर सोडून तो शेतीत उतरला. लेरीच्या भातशेतीत नवी खतं, नवी यंत्रं त्याने वापरून पाहिली. पुढे वर्तमानपत्र काढलं, १८५० मध्ये शेती आणि व्यापार खात्याचा मंत्री झाला, १८५२ मध्ये पंतप्रधान. आधी रेल्वे, व्यापार आणि तिजोरी सुधारली.

१८४८-४९ मध्ये पीडमाँट इटलीबाहेरच्या मदतीशिवाय ऑस्ट्रियाशी लढून हरलं होतं. म्हणून काव्हूरने फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्याशी १८५८ मध्ये गुपचूप बोलणी केली. १८५९ मध्ये युद्ध झालं, पण फ्रान्सने मध्येच तह केला. हाती फक्त मिलानकडचा मुलूख आला. काव्हूरने रागाने राजीनामा दिला आणि काही महिन्यांत परतला. १८६० मध्ये मधल्या राज्यांनी मतदान करून पीडमाँटला जोडून घेतलं. त्याची किंमत म्हणून सॅव्हॉय आणि नीस फ्रान्सला द्यावे लागले. नीस हे गॅरिबाल्डीचं जन्मगाव! तो राग त्याच्या मनातून गेला नाही.

त्याच वर्षी गॅरिबाल्डीने हजारभर स्वयंसेवक घेऊन सिसिली आणि मग नेपल्स जिंकलं. तो रोमवर गेला असता तर तिथल्या फ्रेंच फौजेशी गाठ पडली असती. काव्हूरने राजाचं सैन्य आधीच खाली पाठवलं. गॅरिबाल्डीने जिंकलेला मुलूख राजाच्या हवाली केला. १७ मार्च १८६१ रोजी इटलीचं राज्य जाहीर झालं. ६ जूनला, पन्नाशीतच, काव्हूर वारला. व्हेनिस १८६६ ला आणि रोम १८७० ला सामील झालं.

आता आमचा प्रश्न. देश जोडला, पण बरोबरीने जोडला का? कायदे पीडमाँटचेच सगळीकडे लागू झाले. राजा इटलीचा पहिला, पण त्याने आपलं नाव ‘दुसरा व्हिक्टर इमॅन्युअल’ असंच ठेवलं, जणू जुनंच राज्य मोठं झालं. सामील व्हायचं की नाही, हे मत फक्त पुरुषांनी दिलं. बायांना राष्ट्रीय मतदान मिळालं ते १९४६ मध्ये. १८६९ पासून दळणावर कर बसला, गिरणीत पीठ दळायचं तर सरकारला पैसे द्यायचे. गरिबांनी दंगे केले.

पीडमाँटमध्ये काव्हूरच्या नावाचा मोठा कालवा आहे, त्याच्या मृत्यूनंतर बांधलेला. त्या पाण्यावरच्या भातखाचरांत गुडघाभर पाण्यात निंदणी करायला पुढे हजारो बाया जात. त्यांनी कमी तासांसाठी संप केले, गाणी रचली.

मैत्रिणींनो, आपले गटही ग्रामसंघात जोडले जातात. तेव्हा नियम कोणाचे चालणार, हिशेबाची वही कोणाकडे राहणार आणि छोट्या गटाचं मत कसं धरणार, हे जोडणीआधीच ठरवून घ्या. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.