१८७२ चा एक फॉर्म आणि कूचबिहारचं लग्न

उत्तर बंगालात बिन्नागुडीला पोस्टिंग असताना सुट्टीच्या दिवशी कूचबिहारचा राजवाडा पाहिला. विटांचं बांधकाम, मधोमध मोठा घुमट, साल १८८७. पण मला त्या वास्तूपेक्षा त्या घराण्यातलं एक लग्न जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या जवानांच्या लग्नाच्या कागदांशी त्याचं नातं आहे.

गोष्ट कलकत्त्यात सुरू होते. ब्राह्मो समाजाने मूर्ती आणि होम सोडून विवाह लावायला सुरुवात केली. असं लग्न कोर्टात टिकेल का, ही शंका आली आणि केशवचंद्र सेन यांनी कायद्याची मागणी केली. हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये आणलेलं विधेयक सर्वांसाठी खुलं होतं, म्हणून सगळीकडून विरोध झाला. शेवटी १८७२ चा तिसरा कायदा आला, तो एका अटीवर. वधूवरांनी लिहून द्यायचं की मी ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही. म्हणजे लग्न करायचं तर आधी आपल्या धर्मावर काट मारायची! देवेंद्रनाथ ठाकूर यांच्या आदि ब्राह्मो समाजाला हे मान्य नव्हतं. आम्ही हिंदूच, असं त्यांचं म्हणणं. केशवचंद्रांच्या बाजूने मात्र सही करायची तयारी दाखवली.

त्याच कायद्यात वयाची अटही होती : मुलगा १८, मुलगी १४. आणि १८७८ मध्ये केशवचंद्रांनी आपली मुलगी सुनीती कूचबिहारच्या महाराजा नृपेंद्रनारायण यांना दिली, तेव्हा ना ती चौदाची झाली होती ना ते अठराचे. कूचबिहार संस्थान, तिथे हा कायदा लागूच नव्हता. पण अनुयायी ऐकेनात. त्याच वर्षी साधारण ब्राह्मो समाज वेगळा निघाला.

धर्म नाकारण्याची अट हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या आपसांतल्या लग्नांपुरती १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने गेली. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाचा कायदा १९१९ मध्येच केला होता, हे अभिमानाने सांगावंसं वाटतं. सगळ्यांसाठी ती अट गेली ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने.

आज त्या कायद्याच्या नोटिशीच्या मूळ नमुन्यात धर्माचा रकाना नाही. नाव, अविवाहित की विधुर, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, ते कायमचं नसेल तर कायमचा पत्ता, आणि किती दिवस राहिलात. शेवटचे दोन रकाने फौजीला नडतात. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. घरच्यांना न सांगता लग्न करू पाहणाऱ्या पोराची बातमी त्याच्या आधी जिल्ह्यात पोहोचते ती अशी. मग हरकतींसाठी ३० दिवस थांबा, आणि सहीला तीन साक्षीदार आणा. एवढी रजा कोण देतो?

ज्यांचं लग्न मांडवातच लागतं, त्यांची अडचण निराळी. आपल्याकडे तांदळात अंगठीने नवं नाव लिहून मुलीचं नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर सुनंदा, आधारवर सुनंदा, नोंदणीच्या दाखल्यावर स्नेहल, आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये नवऱ्याने घाईत सांगितलं तेच. नवरा हयात असेपर्यंत कुणाला फरक पडत नाही. आमच्या एका जवानाच्या मागे त्याच्या बायकोला ‘मी तीच’ हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला आणि दोन नावांची राजपत्रातली जाहिरात करावी लागली. पेन्शन सुरू व्हायला वर्ष उलटलं. तेवढ्या काळात मुलाच्या शाळेची फी कंपनीतल्या पोरांनी वर्गणी काढून भरली.