ऐकणाऱ्याची नेमणूक

अमेरिकेतल्या नागरी हक्कांविषयीची कागदपत्रं भाषांतरित करताना ‘हिअरिंग एक्झामिनर’ हे पदनाम मला दर वेळी अडवतं. ‘परीक्षक’ म्हटलं की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे डोळ्यांपुढे येतात. ‘सुनावणी अधिकारी’ जवळचा, पण त्याला आपल्याकडे महसूल खात्याचा वास आहे. ‘चौकशी अधिकारी’ लिहावं, तर विभागीय चौकशीला सामोरा गेलेला कुठलाही सरकारी नोकर सांगेल की हा अधिकारी साहेबांनीच नेमलेला असतो आणि तो काय लिहिणार याचा अंदाज शिपायालाही आधीच आलेला असतो. (थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.) अमेरिकेत या पदाचा इतिहास घडला तोही याच शंकेतून: ऐकणारा माणूस कुणाचा?

भेदभावाच्या तक्रारीत ही शंका फार बोचरी होते. काळ्या उमेदवाराला नाकारणारा मालक ‘तू काळा आहेस म्हणून’ असं कागदावर लिहून देत नाही. जागा भरली गेली, असं तो कळवतो. घरमालक सांगतो, खोली कालच दिली. खोटं बोलण्याचा पुरावा सहसा कुठल्या फाइलीत सापडत नाही. तो साक्षीदाराच्या अडखळण्यात, तारखांच्या गोंधळात, एकाच माणसाच्या दोन वेळच्या दोन उत्तरांत असतो. म्हणजे जो समोर बसून ऐकतो त्याच्या कानांवर सगळं येऊन ठेपतं.

नोकरीतल्या वर्णभेदाला आणि धर्मभेदाला बंदी करणारा अमेरिकेतला पहिला राज्य कायदा न्यूयॉर्कचा. गव्हर्नर ड्यूई यांनी १२ मार्च १९४५ रोजी त्यावर सही केली आणि १ जुलैपासून तो लागू झाला. पाच आयुक्तांचा आयोग नेमला गेला. हा कायदा लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट फार विचारपूर्वक केली होती. तक्रार आली की एक आयुक्त तिचा तपास करणार आणि दोन्ही बाजूंना समजावून प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न करणार. ते न मिटलं तर सुनावणी होणार ती बाकीच्यांपैकी तीन आयुक्तांपुढे. तपास केलेल्या आयुक्ताला तिथे साक्षीदार म्हणून येता येईल, निर्णयाच्या चर्चेत मात्र बसता येणार नाही. समेटाच्या बोलण्यात कोण काय म्हणालं, तेही त्याने बाहेर सांगायचं नाही. एकाच घरात राहणाऱ्या माणसांमध्ये कायद्याने घातलेली ही भिंत होती.

ती भिंत फारशी वापरलीच गेली नाही, हा त्या इतिहासाचा दुसरा भाग. आयोगाचा सगळा भर समेटावर राहिला. जाहीर सुनावणीपर्यंत पोहोचणाऱ्या तक्रारी अगदी मोजक्या. समेटाला माझा विरोध नाही. पण बंद दाराआड मिटलेल्या प्रकरणात भेदभाव झाला होता की नाही, हे कुणीच लिहून ठेवत नाही, आणि तक्रारदाराच्या दृष्टीने ते लिहिलं जाणंच पुष्कळदा नोकरीइतकं महत्त्वाचं असतं. पुढे १९६८ मध्ये त्या कायद्याला ‘मानवी हक्क कायदा’ हे नाव मिळालं, आयोग जाऊन एका आयुक्ताचा विभाग आला आणि सुनावणीचं काम पगारी एक्झामिनरांकडे गेलं. इथे नेमणुकीचा प्रश्न उघडाच पडला. ज्या खात्याने तक्रारीत तथ्य असल्याचं ठरवलं, त्याच खात्याचा पगार घेणारा माणूस आता ते तथ्य तपासणार होता.

हा पेच केंद्र सरकारने आधीच अनुभवला होता, तेही भेदभावाच्या नव्हे तर गुराढोरांच्या बाजाराच्या प्रकरणात. कॅन्सस सिटीच्या गुरांच्या बाजारातल्या अडत्यांनी किती अडत घ्यावी, हे कृषिमंत्र्यांनी ठरवून दिलं. पुरावा ऐकला होता एका एक्झामिनरने आणि आदेश निघाला मंत्र्यांच्या सहीने. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की निर्णय देणाऱ्याने पुरावा स्वतः विचारात घेतलाच पाहिजे. अडत्यांच्या भांडणातून निघालेलं हे तत्त्व पुढे रेल्वे, रेडिओ परवाने, कामगार तंटे या सगळ्यांना लागू झालं.

मग ११ जून १९४६ रोजी प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमात या पदाचा कणा आहे. एक्झामिनर खात्यातच बसेल, पण त्याची पात्रता आणि पगार ठरवेल नागरी सेवा आयोग. योग्य कारणाशिवाय आणि आयोगापुढे सुनावणी झाल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. प्रकरणं शक्यतो पाळीपाळीने वाटायची, म्हणजे साहेबांना हवं ते प्रकरण हव्या त्या माणसाकडे सरकवता येऊ नये. तपास करणाऱ्या किंवा बाजू मांडणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्याने काम करायचं नाही.

परीक्षकांची परीक्षा सुरू झाली. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांनाही पात्रता नव्याने सिद्ध करावी लागली. काहींना अपात्र ठरवलं गेलं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. निवडीत माजी सैनिकांना जादा गुण होते. महायुद्धानंतरच्या त्या पिढीत माजी सैनिक म्हणजे बहुतेक पुरुषच.

खात्यांनीही पळवाटा शोधल्या. बढती कुणाला द्यायची, अवघड प्रकरणं कुणाला द्यायची, काम कमी झालं तर आधी कुणाला घरी पाठवायचं, या किल्ल्या त्यांच्याकडे काही प्रमाणात राहिल्या. त्याविरुद्ध एक्झामिनरांची संघटनाच न्यायालयात गेली. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला: हे पद संसदेने निर्माण केलेलं आहे, त्याला न्यायाधीशासारखं संविधानाचं संरक्षण नाही. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी भिन्नमत लिहिलं. आज दोन्ही बाजू वाचताना मला ब्लॅक यांचं म्हणणं पटतं. वाकवण्यासाठी माणसाला काढून टाकावं लागत नाही, त्याची बढती अडवली तरी पुरतं.

दोनच वर्षं आधी, १९५१ मध्ये, याच न्यायालयाने एक्झामिनरचं मोल मात्र वाढवलं होतं. कामगार मंडळाने आपल्या एक्झामिनरचा निष्कर्ष फिरवला होता. न्यायालय म्हणालं की साक्षीदाराला ज्याने प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्याचं मत नुसतं बाजूला सारता येणार नाही, ते तोलावंच लागेल. म्हणजे कान मौल्यवान ठरले, पण कानांचा मालक परावलंबीच राहिला. नावही बदलत गेलं. १९७२ मध्ये आयोगाने ‘हिअरिंग एक्झामिनर’चं ‘प्रशासकीय कायदा न्यायाधीश’ केलं आणि १९७८ मध्ये संसदेने ते कायद्यात घातलं. शहरांच्या आणि राज्यांच्या नोकरभरतीत मात्र जुनं नाव अजूनही भेटतं.

भेदभावाचे खटले मोठ्या प्रमाणावर राज्यांकडे आणि शहरांकडे राहिले, यालाही कारण आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने समान रोजगार संधी आयोग स्थापन केला, पण तो संमत व्हावा म्हणून झालेल्या तडजोडीत खासगी मालकाला आदेश देण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही. १९७२ मध्ये निदान दावा लावण्याचा अधिकार आला. पुढच्याच वर्षी सेंट लुईसच्या एका काळ्या मेकॅनिकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याची पायरी-पायरीची रीत घालून दिली. तक्रारदाराने प्राथमिक पुरावा द्यायचा, मालकाने कारण सांगायचं आणि मग ते कारण खरं आहे की सबब, हे ठरवायचं. ‘सबब’ हा शब्द इथे चपखल बसतो, कारण आपल्या कचेऱ्यांत तो शतकानुशतकं दोन्ही अर्थांनी राबला आहे: कारण म्हणून आणि बहाणा म्हणूनही. त्या दोन अर्थांतला फरक ओळखणं हेच एक्झामिनरचं काम.

आपण वेगळा रस्ता घेतला. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवला, म्हणजे प्रकरण पोलीस ठाण्यातून फौजदारी न्यायालयात जातं. त्या कायद्याचं बारावं कलम मला फार बोलकं वाटतं. ज्या कृत्यामुळे गुन्हा होतो ते अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडलेलं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालयाने गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. जातीबद्दलचं जाणतेपण आपण न्यायाधीशाच्या कानांवर न सोडता कलमातच लिहून टाकलं. ते कलम वापरायला प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी हे दोन रस्ते सिअ‍ॅटलमध्ये एकमेकांना भेटले. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा ठराव ६ विरुद्ध १ मतांनी संमत झाला आणि भेदभावाच्या कारणांच्या यादीत जात आली. त्या शहरात हिअरिंग एक्झामिनर आहे. त्याची नेमणूक नगर परिषद करते. हक्कांची तक्रार तपासणारं कार्यालय करत नाही. १९४५ ची भिंत तिथे बऱ्यापैकी पक्की आहे. पण तोच एक्झामिनर एरवी इमारत परवान्यांची अपिलं ऐकतो.

अशा माणसापुढे जातीची तक्रार गेली तर काय होईल? ‘तुमचं पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न त्याला साधा शिष्टाचार वाटेल. आडनाव सांगून झाल्यावर ‘म्हणजे मूळचे कुठले?’ येतं, मग ‘घरी नॉन-व्हेज चालतं का?’. या क्रमाचा अर्थ आपल्याला समजतो, नोंदीत मात्र तीन निरुपद्रवी वाक्यं उरतात. मग समजणारा माणूस नेमावा का? भारतीय वंशाचा एक्झामिनर आला तर पहिल्याच दिवशी एक बाजू त्याचं आडनाव बघेल, दुसरी बाजूही बघेल, आणि त्याने खटल्यातून दूर व्हावं असा अर्ज कुणीतरी करेल. मला वाटतं, अज्ञान तज्ज्ञाच्या साक्षीने भरून काढता येतं, नोकरी जाण्याची भीती तशी भरून निघत नाही. म्हणून आधी भिंत, मग जाणतेपण. पण तज्ज्ञ म्हणून कुणाला बोलवायचं हे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने ठरवणार, हेही खरं.

भिंतसुद्धा कायमची नसते. केंद्रातली ती निवड परीक्षा २०१८ पर्यंत टिकली. सात वर्षांचा वकिलीचा अनुभव, लेखी चाचणी, गुणवत्ता यादी असं सगळं तिच्यात होतं. त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोखे आयोगाचे असे न्यायाधीश हे संविधानाच्या अर्थाने ‘अधिकारी’ आहेत, म्हणून त्यांची नेमणूक खात्याच्या प्रमुखांनीच करायला हवी, असं ठरवलं. १० जुलैला राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि स्पर्धा परीक्षा संपली. आता प्रत्येक खातं आपापल्या निकषांनी आपला ऐकणारा निवडतं.