मृताच्या हक्काची वाटचाल

माणसाला मूठमाती दिली, की त्याच्यावर झालेला अन्यायही त्याच्याबरोबर पुरला जातो काय? जुन्या इंग्रजी न्यायाचे उत्तर ‘होय’ असे होते. १८०८ साली इंग्लंडमध्ये घोडागाडी उलटून पत्नी दगावलेल्या एका पतीला न्यायालयाने तिच्या अखेरच्या श्वासापर्यंतचीच भरपाई दिली. तिच्या मृत्यूबद्दल काहीच नाही. जखमी केले तर भरपाई, जीव घेतला तर मोकळीक! ही विसंगती पार्लमेंटने १८४६ साली दूर केली.

हिंदुस्थानात हा न्याय १८५५ च्या तेराव्या कायद्याने आला. त्यात दावे दोन होते. पहिला पत्नी, पती, आईबाप व मुले यांच्या तुटलेल्या आधाराचा. दुसरा मृताच्या इस्टेटीला पोहोचलेल्या नुकसानीचा. दुसऱ्याची रक्कम इस्टेटीत जमा होई.

साताऱ्याचे राज्य तेव्हा नुकतेच खालसा झाले होते. तासगाव व वाळवा इंग्रजी मुलखात होते. सांगली मात्र पटवर्धनांचे संस्थान, आणि इंग्रजी मुलखाचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. तासगावच्या विधवेचा हक्क काही कोसांवरील सांगलीच्या विधवेला केवळ त्या कायद्याच्या बळावर मागता येत नव्हता. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

पुढे मोटारी वाढल्या. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. या कायद्यातील ‘कायदेशीर प्रतिनिधी’ या शब्दांत भाऊही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ठरविले. २०१४ साली तर मिझोराममध्ये अपघातात मरण पावलेल्या एका व्रतस्थ ब्रदरसाठी त्याच्या माँटफर्ट ब्रदर्स संस्थेचा दावा मान्य झाला. ज्याने घर सोडले, त्याचे कुटुंब त्याची संस्थाच होय, हे न्यायासनाने ओळखले.

२०१७ च्या निवाड्याने इस्टेटीच्या हानीपोटी १५,००० रुपये निश्चित केले. १ एप्रिल २०२२ पासून जखमीचा दावा, तो पुढे अन्य कारणाने वारला तरी, वारसांकडे जातो. मात्र अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही त्याच दिवशी पुन्हा आली.

खंबाटकी उतरून सातारा, कराड, वाळव्यातून जाणारा महामार्ग आपल्या दाराशी आहे. ‘मेलेल्याचे पैसे कसे घ्यायचे?’ म्हणून कित्येक घरे संकोचतात. परंतु भरपाई ही मृत्यूची किंमत नव्हे. गेलेल्या माणसाने आपल्या लेकरांसाठी जे केले असते, त्यातील ती थोडीशी परतफेड आहे. ती मागण्यात लाज नाही.